मदत हवी आहे: १६ फुटी बोट घ्यावी की २० फुटी?

रानवारा: नमस्कार मंडळी. नागपुरात घरी ठेवायला मोटरबोट बघतोय. एक १६ फुटी, ५० एचपी आउटबोर्डची (मागे बाहेरून टांगलेलं इंजिन). दुसरी २० फुटी, ११५ एचपी. बहुतेक वेळा आम्ही चौघं, सणावाराला सात-आठ. ओढायला बोलेरो आहे. कोणती घ्यावी?

काळी_माती: भाऊ, आधी ट्रेलरचं गणित मांडा. १६ फुटीचा फायबरचा सांगाडा ४०० किलोच्या आसपास, इंजिन शंभरेक, पेट्रोल-बॅटरी-सामान मिळून ८०, ट्रेलर अडीचशे. झाले आठ-साडेआठशे. २० फुटीला हाच आकडा सतराशेच्या घरात जातो, म्हणजे बोलेरोच्या वजनाएवढा. मग ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. हूकवर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार ठेवा. बोट ट्रेलरवर मागे सरकून बसली की हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर झोके घेऊ लागतो.

खरी परीक्षा काठावर. आपल्याकडे धरणांवर बांधीव उतार क्वचितच सापडतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि मधे काळा चिखल उरतो. १६ फुटी तिथूनही माणसं लावून काढता येते. २० फुटी रुतली तर ट्रॅक्टर शोधा!

रानवारा: पटलं. पण सात-आठ जणांचं काय?

पाणकोंबडा: दोन फेऱ्या. ढोबळ हिशेब: लांबी गुणिले रुंदी (फुटांत) भागिले १५. १६ × ६ म्हणजे सहा माणसं, २० × ८ म्हणजे दहा. बोटीवर क्षमतेची पट्टी असते, तिच्यात कमी आकडा असेल तर तोच खरा. शिवाय सहा जण बसले की ५० एचपीची बोट पाण्यावर उचलून धावायला कुरकुरते. पाण्यातल्या पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकावा ते अंतर, एक इंच कमी केला की इंजिनाचे मिनिटाचे फेरे दीड-दोनशेने वाढतात, उचल सुधारते. पूर्ण वेगात ५० एचपी तासाला १८-१९ लिटर पितं, ११५ एचपी चाळीसच्या वर.

आणि हो, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका. ते ओल धरतं, पाणी तळाशी बसतं आणि इंजिन अडखळतं. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा.

काळी_माती: गोसीखुर्द धरणावर नेणार असाल तर बुडीत क्षेत्रातल्या झाडांचे खुंट लक्षात असू द्या. अनोळखी भागात सावकाश जा. पंखा अॅल्युमिनियमचा घ्या, ठोकर लागली तर बहुधा तोच वाकतो, गिअरकेस (पंख्यामागची गिअरची पेटी) वाचतो. एक जादा पंखा, पिन आणि पाना बोटीतच ठेवा. गढूळ पाण्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर (आतली फिरती चकती) झिजतो. तो दरवर्षी बदला, नाहीतर इंजिन तापेल.

पाणकोंबडा: पैसे देण्याआधी ज्या जलाशयात चालवणार तिथली परवानगी लेखी घ्या. तोतलाडोह धरणाचा विचार सोडाच, तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी आणि विमाही बघा. माणशी एक लाइफ जॅकेट ठेवा, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेलीच हवी.

रानवारा: १६ फुटीच घेतो. उद्या जुन्या बोटीचा ट्रान्सम (इंजिन बसतं ती मागची भिंत) ठोकून बघायला जातोय, ओल शिरली असेल तर आवाज बद्द येतो ना?

काळी_माती: हो. इंजिन धरून वर-खाली हलवूनही बघा. ट्रान्सम लवला तर आतलं लाकूड कुजलंय, सौदा सोडा.