'असेसमेंट'ला मराठीत काय म्हणाल?

रातपाळी: सहाय्यक परिचारिकांच्या वर्गासाठी टिपणं मराठीत करतेय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीय. नर्सिंग प्रोसेसच्या पायऱ्या ५: असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. हाताशी असलेल्या जुन्या टिपणांत पहिलीलाही 'मूल्यमापन' आणि पाचवीलाही 'मूल्यमापन'. मुली विचारतात, "मॅडम, सुरुवातीलाच मूल्यमापन उरकलं तर शेवटी काय करायचं?" पेशंट दाखल झाल्यावर जे बघायचं, विचारायचं, मोजायचं, त्याला शब्द सुचवा.

शब्दखोर: मूल्यमापन शेवटालाच राहू द्या. जे ठरवलं ते साधलं का, याचा तो हिशेब. हिंदीवाले पहिल्या पायरीला 'आकलन' म्हणतात, पण तो मोह नको. त्यांचं आकलन म्हणजे अंदाज, आढावा. आपलं आकलन म्हणजे समजणं. 'तपासणी' डॉक्टरांची. 'पाहणी' म्हटलं की पूरग्रस्त भागात आलेलं पथक डोळ्यांसमोर येतं. माझं मत 'विचारपूस'ला.

कोपऱ्यातला: विचारपूस शहाळं घेऊन आलेले नातेवाईक करतात हो. नाडी, श्वास, रक्तदाब त्यात कुठे बसवणार?

रातपाळी: निम्म्या कामाला विचारपूस चपखल बसते, आणि अवघड निम्मं तेच. मोजणं शिकवता येतं. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. श्वास मोजतोय हे सांगायचं नाही, नाहीतर पेशंट सांभाळून श्वास घ्यायला लागतो. नाडीवरची बोटं तशीच ठेवून छातीकडे बघत मोजायचं.

बोलणं ऐकण्यात खरी मेख. "बीपी आहे का?" विचारलं तर "आहे" म्हणजे वाढलेलं. "नाही" म्हणणाऱ्याची गोळी कधीकधी उशीखाली सापडते, म्हणून मी "गोळी कसली चालू आहे?" असंच विचारते. एक आजी म्हणाल्या, "अंगात कसर आहे." नव्या मुलीला कसर ठाऊक ती काटकसरीतली. तिने लिहिलं, 'तक्रार नाही'. थर्मामीटर लावला तर १००.

दुखण्याचे तर किती प्रकार! गळू ठणकतं, कळ येते नि जाते, पाठीत चमक निघते, पोटात मुरडा येतो, लघवीला आग होते. केसपेपरवर सगळ्यांचं एकच 'पेन'. शून्य ते दहात किती दुखतंय, असं एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "बारा आणे." मी साडेसात लिहिलं.

शब्दखोर: आजोबांना दंडवत. 'शुश्रूषा'सुद्धा ऐकण्यातूनच आलीय. संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छार्थक रूप: ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञा पाळणं, सेवा करणं. पहिला शु ऱ्हस्व, दुसरा श्रू दीर्घ. पाट्यांवर मात्र 'सुश्रुषा' सर्रास. 'परिचर्या' पायांची: परि म्हणजे भोवती, चर् म्हणजे फिरणं.

कोपऱ्यातला: म्हणजे कान परिचारिकेचे आणि पायही तिचेच. पगाराचं काय?

रातपाळी: त्याला शब्द नाही! बरं, 'विचारपूस व तपासणी' असं लिहून टाकलं. तपासणी डॉक्टरांची असली तरी थोडी आम्हालाही द्या. आता पुढचं. झोपून असलेल्या पेशंटला साधारण दर २ तासांनी वळवायचं असतं, त्याला टिपणांत 'स्थिती-परिवर्तन' आहे. मी 'कूस बदलणे' करतेय. हरकत?

कोपऱ्यातला: आहे. उताणं झोपणं ही कूस नव्हे.

रातपाळी: आमच्या वॉर्डातल्या मावशींना सांगा हे. आजींना पाठीवर वळवलं तरी त्या "कूस बदलली" म्हणूनच सांगतात, आणि मी वहीत वेळ टाकते.