मदत हवी आहे : एल्फिन्स्टन कॉलेजचा कारभार नेमका कोणाच्या हातात होता?

तळटीप

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या शोधनिबंधासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्रशासकीय इतिहास हा विषय घेतला आहे. कालखंड सुरुवातीपासून १९०४ च्या विद्यापीठ कायद्यापर्यंत. कॉलेजवर लिहिलेलं भरपूर मिळतं, पण सगळं एकाच चालीचं. दादाभाई, रानडे, भांडारकर, जमशेटजी टाटा, पुढे डॉ. आंबेडकर; यादी संपली की इमारतीच्या कमानी आणि मनोरे, की लेख आटोपला. प्राचार्य कोण नेमत होतं, पगार कुठून निघत होता, शिक्षकाची बदली कोणाच्या मर्जीवर होती, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मला नेमकं तेच हवंय.

आतापर्यंत जमलेला सांगाडा असा. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपदावरून गेले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ मुंबईत वर्गणी निघाली. ती २ लाख २९ हजारांच्या वर गेली आणि त्यातून विलायतेहून प्राध्यापक आणायचं ठरलं. ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले दोघे १८३५ मध्ये नेमले गेले. वर्ग भरायचे टाउन हॉलमध्ये. १८४० मध्ये हे वर्ग आणि नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा एकत्र करून एकच संस्था झाली, तीच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. १ एप्रिल १८५६ ला कॉलेज आणि हायस्कूल वेगळे झाले. १८५७ ला मुंबई विद्यापीठ, १८६० ला कॉलेज त्याला संलग्न.

आता अडलंय ते इथे:

१. स्थापनेचं वर्ष कोणतं धरू? प्रत्येक पुस्तकात वेगळं आहे आणि मार्गदर्शक म्हणतात, एक काय ते पक्कं करा.

२. विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं (दरवर्षीची माहितीपुस्तकं) चाळली. कॉलेजचं नाव, पदवीधरांच्या याद्या, परीक्षेचे नियम हे सगळं आहे. नेमणुकांचा एकही कागद नाही. विद्यापीठाने जपून ठेवलेच नाहीत, की मी भलतीकडे शोधतेय?

३. सर अलेक्झांडर ग्रँट या गृहस्थांच्या सहीची पत्रं जिथे तिथे भेटतात. ती कॉलेजच्या खात्यावर मांडू की विद्यापीठाच्या?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

---

जुना_कारकून

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची किल्ली त्यात आहे. ज्या दारात तुम्ही उभ्या आहात तिथे हे कागद कधी आलेच नव्हते.

१८५७ चं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेलं होतं. काम दोनच: परीक्षा घेणं आणि पदव्या देणं. शिकवत नव्हतं, शिक्षक नेमत नव्हतं, कॉलेजला पैसे देत नव्हतं. सिनेट, सिंडिकेट, फेलो हा सगळा थाट परीक्षेभोवती. एल्फिन्स्टन हे सरकारी कॉलेज, म्हणजे त्याचा धनी सरकारचं शिक्षण खातं. पदवीच्या कागदावर कोणाची सही आहे ते काही काळ विसरा आणि पगारपत्रक कोण मंजूर करत होतं ते धरून मागे जा. कारभाराचा धागा त्या टोकाला आहे.

त्या हिशेबाने पाहिलं तर एकामागून एक तीन मालक झाले. आधी नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशन; त्यात सात सभासद, चार सरकारने नेमलेले आणि तीन सोसायटीचे. बहुमत कोणाचं ते सांगायला नको. त्याच बोर्डावर सर अर्स्किन पेरी वर्षानुवर्षं अध्यक्ष होते, आणि इंग्रजी की देशी भाषा या वादात त्यांनी बोर्डाला इंग्रजीकडे कसं ओढलं ते बोर्डाच्या छापील वार्षिक अहवालांत दिसतं. मग शिक्षण धोरणाबद्दलचा १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५५ मध्ये बोर्ड गुंडाळलं आणि डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिक्षण खात्याचा प्रमुख, हे पद आलं. तिथून पुढे प्राचार्याने पत्र लिहायचं ते डायरेक्टरला. त्याने सरकारच्या सचिवाला. सचिवाने गव्हर्नरच्या कौन्सिलपुढे ठेवायचं.

हे कागद आहेत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात. आणि गंमत म्हणजे हे दप्तर आहे काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत! बोर्डाच्या काळातलं बरंचसं जनरल डिपार्टमेंटच्या खंडांत शोधा, त्यानंतरचं एज्युकेशन डिपार्टमेंटच्या. मार्गदर्शकांचं किंवा कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर न्या. आधी सूची बघायची, मग मागणीपत्रावर खातं, वर्ष आणि खंड क्रमांक लिहून द्यायचा. कागद फार ठिसूळ झाला असेल तर खंड मिळत नाही, तेव्हा पर्यायी दोन-चार क्रमांक जवळ असू द्या.

खंडात प्रत्येक प्रकरणाचं वेगळं कंपायलेशन असतं. क्रम साधारण असा: प्राचार्याचं पत्र, त्यावर डायरेक्टरचं आवरणपत्र, मग सचिवालयातले शेरे, शेवटी सरकारी ठराव. नवीन माणूस थेट ठरावाकडे धावतो. ठराव दोन ओळींचा असतो, 'मंजूर' किंवा 'सध्या निधी नाही'. खरी खडाजंगी शेऱ्यांमध्ये असते. घाईघाईत लिहिलेलं, आद्याक्षरांची सही, वाचायला त्रास होतो. पण कोणाला प्राध्यापक हवा होता आणि कोणी खोडा घातला हे तिथेच कळतं. शेरे आधी उतरवून घ्या.

---

मधली_सुट्टी

स्थापनेच्या वर्षाबद्दल. मार्गदर्शकांना नम्रपणे सांगा की एक वर्ष पक्कं करणं हाच घोळ आहे. १८२७ हे निधीचं वर्ष, १८३५ प्राध्यापकांचं, १८४० एकत्रीकरणाचं आणि १८५६ स्वतंत्र कॉलेजचं. अधिकृतरीत्या १८५६ धरलं जातं. तुमचा विषय प्रशासनाचा असल्यामुळे मीही तेच धरेन, कारण त्या दिवसापासून कॉलेजचं आणि हायस्कूलचं दप्तर वेगळं झालं. बाकीची वर्षं पहिल्या प्रकरणात पूर्वपीठिका म्हणून येऊ द्या. अर्थात, १८५६ पक्कं केलं की बाळशास्त्री जांभेकर तुमच्या कॉलेजातून बाहेर पडतात, कारण ते १८३० च्या दशकातले. दादाभाईंची प्राध्यापकीही या रेषेच्या आधीच सुरू होते. अशा वेळी 'एल्फिन्स्टनच्या वर्गांत' किंवा 'इन्स्टिट्यूशनमध्ये' असं लिहायचं, 'कॉलेजात' नाही. परीक्षक जुने जाणते असतील तर नेमकं इथेच बोट ठेवतील.

आणखी एक. एल्फिन्स्टन दोन आहेत. १८२७ ला गव्हर्नरपद सोडून गेलेले माउंटस्टुअर्ट, आणि विद्यापीठ निघालं तेव्हा गव्हर्नर असलेले, म्हणून पदसिद्ध पहिले कुलपती झालेले लॉर्ड एल्फिन्स्टन. हे पुतणे, ते काका. छापील पुस्तकांतही यांची सरमिसळ पाहिली आहे.

इमारतीत रमू नका म्हणणार होतो, पण तीही प्रशासनाचाच भाग आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतली भायखळ्याची इमारत १८७१ ची. आत्ताची काळा घोड्याची, १८८८ ची, मुळात सरकारी छापखान्यासाठी योजलेली होती. कॉलेजसाठी जागा कोणती हे ठरवणं कॉलेजच्या हातात किती होतं, यावर एक परिच्छेद सहज होईल.

---

पुरवणी_जोडली

ग्रँटचा प्रश्न मस्त आहे. हा माणूस १८६० मध्ये एल्फिन्स्टनला इतिहास आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला, १८६२ मध्ये प्राचार्य झाला, १८६३ मध्ये विद्यापीठाचा कुलगुरू आणि १८६५ मध्ये डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन. कुलगुरूपद तेव्हा पूर्णवेळ पगारी नव्हतं, मूळ नोकरी सांभाळून करायचं. त्यामुळे कॉलेज चालवणारा, त्या कॉलेजच्या मुलांची परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा प्रमुख, हे काही काळ एकच. आणि १८६५ नंतर कॉलेजवर देखरेख ठेवणारं खातंही त्याच्याकडे. १८६८ ला तो एडिंबरोला गेला.

सहीवर जाऊ नका. सहीखालचं पदनाम बघा, पत्र कोणाला उद्देशून आहे ते बघा आणि कुठल्या खंडात बांधलंय ते बघा. तिन्ही जुळलं की खातं ठरलं. माझ्या मते हे पत्रव्यवहार वेगवेगळे मांडण्यापेक्षा ग्रँटवर एक स्वतंत्र उपप्रकरण करा. 'संलग्नता' हा शब्द कायद्यात होता, पण कॉलेज, विद्यापीठ आणि खातं यांच्यातलं अंतर १८६० च्या दशकात किती कमी होतं ते यातून जितकं दिसतं तितकं दुसऱ्या कशातून दिसणार नाही.

---

दोन_आणे

पगारपत्रकावरून आठवलं. दक्षिणा फेलो विसरू नका. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, कंपनी सरकारने तो खर्च पुढे चालू ठेवला, हळूहळू शिक्षणाकडे वळवला आणि शेवटी त्यातून कॉलेजांत फेलोशिपा निघाल्या. रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो. १८६२ च्या पहिल्या बी.ए. तुकडीतले हे दोघे शिकत होते आणि शिकवतही होते. म्हणजे पुण्याच्या रमण्यावर दक्षिणा म्हणून वाटला जाणारा पैसा एल्फिन्स्टनच्या वर्गात पोचला. हा निधी कॉलेजच्या नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेरचा, तेव्हा त्याची प्रकरणं वेगळी शोधावी लागतील.

---

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_कारकून, ज्या इमारतीचा इतिहास लिहायचा तिच्यातच दप्तर आहे हे वाचून हसू आलं. सूचीपासूनच सुरू करते. दक्षिणा फेलोंचा धागा डोक्यातही नव्हता.

दोन छोटे प्रश्न. तुलनेसाठी एखादं बिनसरकारी कॉलेज घ्यावं का? आणि मार्गदर्शकांना शेवटी 'आजची स्थिती' हवी आहे. कॉलेज आता मुंबई विद्यापीठात नाही, एवढं माहीत आहे.

---

मधली_सुट्टी

तुलनेला फर्ग्युसन घ्या. १८८५, डेक्कन एज्युकेशन सोसायटी. तिथे आजीव सभासद स्वतःच प्राध्यापक आणि स्वतःच कारभारी, पगार ठरवणारेही तेच. तेच विद्यापीठ, त्याच परीक्षा, पण कारभाराचा ढाचा पार उलटा. एका प्रकरणापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर पुण्यातच अडकाल.

---

जुना_कारकून

आजच्या स्थितीसाठी: २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन झालं. त्यात विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज अशी चार सरकारी महाविद्यालयं आली. म्हणजे १८६० पासूनची संलग्नता सुटली आणि कॉलेज घटक महाविद्यालय झालं. शिक्षक मात्र शासनाच्याच सेवेतले, नेमणूक लोकसेवा आयोगामार्फत. इथेही परीक्षेचा धनी बदलला आणि नेमणुकीचा तोच राहिला, हे तुमच्या १८५७ च्या प्रकरणाशी ताडून बघा.

कागदासाठी कुठे जायची गरज नाही. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर उच्च व तंत्र शिक्षण विभाग निवडा, २०१८ आणि २०१९ ही वर्षं टाका आणि कॉलेजच्या नावाने शोधा. 'एल्फिन्स्टन'ची वर्णलेखनं तीन-चार तऱ्हांची असतात, सगळी घालून बघा. पीडीएफ उतरवून ठेवा आणि सांकेतांक टिपून घ्या, संदर्भ देताना तोच लागतो.