यामायुरीचा कांदा दुसऱ्यांदा कुजला, काय चुकतंय?

योकोहामाला राहते. इथल्या कानागावा प्रांताचं फूल यामायुरी, म्हणजे डोंगरातली लिली, जुलैत टेकडीच्या उतारावर फुललेली बघितली आणि वेडच लागलं, पांढऱ्या पाकळीवर मधोमध पिवळा पट्टा, तांबडे ठिपके, आणि वास तर फूल दिसायच्या आधीच येतो. मागच्या वर्षी कांदा आणला, कुजला. यंदा परत तेच, उकरला तर खवले लिबलिबीत. पाणी रोज घालत होते हं.

— रोज पाणी?? तिथेच गेला तो. आणि वर लावला असणार. या लिलीला कांद्याच्या वर, दांड्यालाही मुळं फुटतात, म्हणून १५ सेंमी तरी खोल, कुंडी पण खोलच घ्या. चुना अजिबात नको. मी कानुमा मातीत (हलकी, सच्छिद्र जपानी माती) पालापाचोळ्याचं खत मिसळते, ती आंबट असते आणि जास्तीचं पाणी साचू देत नाही. बुडाला सावली, डोक्याला ऊन.

— शेजारी टायगर लिली आहे का? तिच्यात व्हायरस असला तरी ती मस्त दिसते, मग मावा ही कीड तो इकडे आणते आणि यामायुरी मरते. माझ्या दोन अशाच गेल्या, डोंगरात दिसते म्हणून दणकट समजू नका.

— मांजर असेल तर लिली घरात नकोच, परागकण चाटले तरी किडनी जाते.

— मांजर नाही, नवरा आहे 😄 त्याच्या पांढऱ्या शर्टावर पराग लागले, चोळले आणि डाग पक्का बसला.

— चोळायचं नाही हो, सेलोटेपने उचलायचे!