ऊन थोडं झाकलं तर मे अखेरचा नवतपा निवेल, पण मृगाच्या पावसाचं काय?

नवतपा
२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आता वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे कण फवारून ऊन परतवायचं, म्हणजे सौर भू-अभियांत्रिकी, यावर जोरात चर्चा सुरू आहे. स्वस्त आहे, लगेच लागू पडतं, असं म्हणतात. माझ्या शंका दोन. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांतून गंधकाचा वायू, सल्फर डायऑक्साइड, रोज बाहेर पडतोच, मग त्याने गारवा का येत नाही? आणि ऊन कमी केलं तर विदर्भाच्या पावसाचं काय होईल? नुसतं हो-नाही नको, कारणं सांगा.

मृगधारा
आधी चिमणीचं. खाली सोडलेला सल्फर डायऑक्साइड काही दिवसांतच पावसात धुतला जातो नाहीतर जमिनीवर बसतो. त्याचे सल्फेट कण थोडं ऊन अडवतातही, पण तेवढ्यात ते लोकांच्या फुप्फुसात गेलेले असतात. फवारणी करायची ती स्थितांबरात, म्हणजे त्या वरच्या थरात. आपल्या अक्षांशांवर ते साधारण १७ किमीच्या वर सुरू होतं. तिथे पाऊस नाही, म्हणून कण वर्षभर टिकतात. प्रवासी विमानं १०-१२ किमीवर उडतात, तेव्हा २० किमीवर टनांनी माल नेणारं विमान नव्यानेच बांधावं लागेल.

याचा नमुना निसर्गाने दाखवला आहे. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला, दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि १९९२ मध्ये पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं. पण दोन वर्षांत सगळं पूर्ववत. म्हणजे गारवा टिकवायचा तर दरवर्षी ओतत राहावं लागेल. शिवाय दुप्पट ओतलं की दुप्पट गारवा मिळत नाही. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, मोठा कण लवकर खाली येतो आणि तेवढ्याच गंधकात ऊनही कमी परतवतो. वर त्याच कणांच्या पृष्ठभागावर क्लोरीन सक्रिय होऊन ओझोनला खातं.

आता पाऊस, कारण खरी गोम तिथेच आहे. मान्सून चालतो जमीन तापते आणि समुद्र मागे राहतो म्हणून. ऊन कापलं की जमीन आधी निवते, समुद्र हळूहळू, मग दोघांतला फरक घटतो आणि वाऱ्याची ओढ कमी होते. बाष्पीभवनही उन्हावरच चालतं. म्हणून तापमान जुन्या आकड्यावर आणलं तरी पाऊस जुन्या आकड्यावर येत नाही, थोडा खालीच राहतो. पिनाटुबोनंतरच्या वर्षी जगभर जमिनीवरचा पाऊस घटला होता. त्यात कोणी फक्त उत्तर गोलार्धात फवारलं, तर पावसाचा पट्टाच दक्षिणेकडे सरकतो. कोरडवाहू कापूस-सोयाबीन आणि तोतलाडोह धरणाचं पाणी, दोन्ही जून ते सप्टेंबरच्या पावसावर. भर मे महिन्यातला एक अंश वाचवायला जुलैमधला पंधरा दिवसांचा खंड पत्करायचा का, हा आपला प्रश्न आहे.

रात्रीचाही हिशेब बघा. कार्बन डायऑक्साइड चोवीस तास उष्णता कोंडतो, कण फक्त दिवसा ऊन अडवतात. म्हणजे दुपारी जेवढा आराम तेवढा रात्री नाही, आणि उष्माघातात जीव जातो तो बहुधा रात्रीही अंग निवत नाही म्हणून.

अंबाझरी
मृगधारा ताई, भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण तुलना चुकते आहे. आजचा मान्सून विरुद्ध फवारलेला मान्सून, अशी निवड कुठे आहे? २ अंश तापलेल्या जगाचा मान्सूनही बिघडलेलाच असेल. हवा दर अंशाला सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठची घरं पाण्यात गेली. असे झोडपे वाढणार. दोन्ही गोलार्धांत, १५ आणि ३० अंशांवर, मोजून-मापून आणि अर्ध्याच तापमानवाढीपुरतं फवारलं तर पावसाची ओढाताण बरीच कमी राहते, असं मॉडेलं दाखवतात. म्हणून निदान अभ्यास तरी थांबवू नये. हार्वर्डचा स्कोपेक्स प्रयोग तर किलो-दोन किलो कणांचा होता. तोही २०२४ मध्ये न उडताच गुंडाळावा लागला.

मला खरी भीती वेगळीच वाटते: थांबण्याची. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं टिकतो, कण वर्षभर. चाळीस वर्षं फवारलं, खाली कोळसा जाळत राहिलो आणि युद्धामुळे विमानं बंद पडली, तर दाबून ठेवलेली सगळी वाढ पाच-दहा वर्षांत उसळेल. तेवढ्या वेगात ना वाण बदलता येतात ना शहरं. म्हणून उत्सर्जन कमी न करता फवारणीला माझा साफ विरोध आहे.

नवतपा
आणि २०१९ ला आपल्याकडे झालेला कृत्रिम पाऊस? तो यातच मोडतो का?

मृगधारा
नाही भाऊ. त्यात असलेल्या ढगात मिठासारखे कण नाहीतर सिल्व्हर आयोडाइड सोडतात. परिणाम त्या ढगापुरता, काही तासांचा. ढगच नसेल तर काहीच होत नाही.

गिट्टीखदान
सगळे आभाळाकडेच बघून राहिले, पायाखालचंही बघा. बेसाल्टची भुकटी शेतात टाकून हवेतला कार्बन बांधणं हीसुद्धा भू-अभियांत्रिकीच, आणि दख्खनचा खडक आपल्या दाराशी आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दगडातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवतो, त्याचं बायकार्बोनेट होऊन वैनगंगेतून समुद्रात जातं. टनभर बेसाल्ट पूर्ण विरघळला तर फार तर ३०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बांधला जातो, आणि त्यालाही वर्षानुवर्षं लागतात. दळण्याचं डिझेल-वीज आणि टिपरची वाहतूक त्यातूनच वजा करायची.

क्रशरची चुरी जशीच्या तशी चालत नाही, तिच्यात ४ मिमीपर्यंतचे दाणे असतात. १०० मायक्रॉनच्या (०.१ मिमी) आतला माल हवा. हेक्टरी २० टन टाकायचा म्हटलं तर एकरी ८ टन, एका दहाचाकी टिपरात जेमतेम दोन एकर.

पण आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत हे फसतं. तिचा सामू (pH) आधीच ८ च्या आसपास, म्हणजे ती अल्कधर्मी, दगड विरघळायला आम्लच नाही. वर कॅल्शियम चुनखडीत बसतं आणि बांधलेल्यापैकी निम्मा कार्बन डायऑक्साइड परत हवेत जातो. ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसून पांढरा फेस आला तर त्या शेताचा नाद सोडा. झाडीपट्टीतल्या, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या, आम्लधर्मी भाताच्या बांध्या याला योग्य. धानाला सिलिकाही मिळतं.

चुरी कुठल्या खदानीची तेही विचारा. नागपूरच्या पश्चिमेला, काटोल-कळमेश्वरकडे, बेसाल्ट. पूर्वेकडे ग्रॅनाइट-नाइस लागतो. त्याच्या चुरीत कॅल्शियम-मॅग्नेशियम नावापुरतं आणि क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, भरपूर. कार्बन बांधला जाणार नाही, फेकणाऱ्या मजुराला मात्र सिलिकोसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, होईल. बेसाल्टची भुकटीही ओली करूनच पसरवा, तोंडाला मास्क बांधा. ओळखायला सोपं: मूठभर चुरी धुऊन उन्हात धरा. काचेसारखे चमकणारे पांढरे-गुलाबी कण दिसले तर टिपर परत पाठवा. बेसाल्ट धुतल्यावर काळपट-करडाच राहतो.