मुलुंड: छोट्या गाडीच्या कोटेशनमध्ये घासाघीस नेमकी कुठे करावी?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मी शाळेत शिकवते आणि यजमान एका खाजगी कंपनीत नोकरीला आहेत. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी घाटकोपरला न्यावे लागते, आणि पावसाळ्यात ऐन वेळी रिक्षा न मिळाल्याने त्यांचे फार हाल झाले. म्हणून 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची, चार मीटरपेक्षा कमी लांबीची हॅचबॅक घेण्याचे आम्ही ठरवले आहे. घरातली ही पहिलीच गाडी आहे.

शोरूमने दिलेले कोटेशन असे आहे. एक्स-शोरूम किंमत 7,80,000, रोड टॅक्स आणि नोंदणी मिळून 96,500, विमा 46,000, हँडलिंग चार्जेस 9,500, ॲक्सेसरीजचा संच 18,000, वाढीव वॉरंटी 14,000 आणि फास्टॅग 600 रुपये. एकूण 9,64,600 रुपयांतून 20,000 रुपये सूट, म्हणजे 9,44,600 रुपये. याहून अधिक सूट मिळणे शक्य नाही, असे सेल्समनने दोनदा सांगितले. जीएसटी उतरल्यामुळे गाडी सत्तर हजारांनी स्वस्त झाली आहे, तीही सूटच समजा, असेही तो म्हणाला. कर्ज शोरूममार्फत घेतल्यास व्याज 7 टक्के आहे, तर आमच्या बँकेने 9 टक्के सांगितले आहे. गाडी सप्टेंबर 2025 मध्ये तयार झालेली आहे आणि आता जानेवारी 2026 चालू आहे.

यजमानांच्या एका सहकाऱ्याने गाडी चार वर्षांच्या लीजवर घेण्याचाही पर्याय सुचवला आहे. त्यात महिना 19,900 रुपये भाडे पडते आणि विमा व सर्व्हिसिंग त्यातच येते. रास्त भाव कसा ओळखावा आणि बोलणी कुठून सुरू करावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दादरचा हिशेबनीस

ताई, मी काही वर्षे एका गाडी-विक्रेत्याच्या हिशेब विभागात काम केले आहे, त्यामुळे ही बाजू आतून पाहिलेली आहे. छोट्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीत विक्रेत्याचा स्वतःचा वाटा थोडा असतो. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि वॉरंटी यांतून होते. म्हणूनच वीस हजारांची सूट ठळक अक्षरांत लिहिली जाते आणि ती खालच्या चार ओळींतून शांतपणे वसूल होते. आपण सवलतीच्या आकड्यावर बोलू नका, प्रत्येक ओळ वेगळी काढून शेवटच्या बेरजेवर बोला.

आता एकेक ओळ पाहू. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी कर 11 टक्के आहे. 7,80,000 वर तो 85,800 रुपये होतो. त्याखेरीज नोंदणी आणि बँकेचा बोजा चढवण्याचे शुल्क लागते, पण या रकमा लहान असतात. मग 96,500 कुठून आले, हे विचारा आणि सरकारी पावतीत जेवढी रक्कम असेल तेवढीच देऊ, असे कोटेशनवर लिहून घ्या. एवढे वाक्य उच्चारल्यावर हा आकडा बहुधा आपोआप खाली येतो.

विम्याच्या बाबतीत सक्ती नाही. शोरूमच सांगेल त्या कंपनीचा विमा घेतला पाहिजे, असा कोणताही नियम नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा 1 सप्टेंबर 2018 पासून बंधनकारक आहे आणि 1000 ते 1500 सीसी इंजिनासाठी त्याचा ठरावीक दर 10,640 रुपये अधिक जीएसटी आहे. हा भाग कोणाकडेही तेवढाच पडतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तेव्हा दोन-तीन कंपन्यांकडून बाहेर दर मागवा, मात्र विमाकृत मूल्य (आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यास मिळणारी कमाल रक्कम) आणि शून्य घसारा (सुटे भाग बदलताना घसाऱ्यापोटी पैसे न कापणे) यांसारखी जोड-कलमे तंतोतंत सारखी ठेवा, नाहीतर स्वस्त वाटणारा विमा प्रत्यक्षात तोकडा निघतो.

हँडलिंग चार्जेस ही रक्कम सरकारी नाही आणि ती सरळ नाकारावी. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आधीच धरलेला असतो. ॲक्सेसरीजच्या संचातल्या वस्तूंची यादी मागा आणि पायपुसणी किंवा सीट कव्हर यांपैकी जे खरोखर हवे असेल तेवढेच घ्या. वाढीव वॉरंटी वाईट नाही, पण ती मूळ वॉरंटी संपण्यापूर्वीही घेता येते, त्यामुळे आजच घेण्याची घाई करू नये.

जीएसटीबद्दल सेल्समनचे म्हणणे आपण मान्य करू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतील पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो. त्याआधी तो 28 टक्के अधिक 1 टक्का उपकर असा होता. आपल्या 7,80,000 मध्ये मूळ किंमत सुमारे 6,61,000 आहे, ती जुन्या दराने सुमारे 8,52,700 झाली असती. हा बहात्तर हजारांचा फरक सरकारने कर कमी केल्यामुळे पडलेला आहे. शोरूमने त्यासाठी एक रुपयाही सोडलेला नाही.

कर्जाबाबत सर्वांत जास्त काळजी घ्या. तो 7 टक्के दर बहुतेक फ्लॅट असावा, म्हणजे पाच वर्षे पूर्ण मुद्दलावर व्याज. सहा लाखांवर पाच वर्षांत 2,10,000 रुपये व्याज होते आणि हप्ता 13,500 पडतो. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मांडला तर दर सुमारे साडेबारा टक्के निघतो. आपल्या बँकेचे 9 टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता 12,455 च्या आसपास येईल. दर विचारण्याऐवजी हप्ता आणि एकूण परतफेड विचारा, म्हणजे दोन कर्जांची तुलना खरी होईल.

चेंबूरचे जुने चालक

वरील सर्व मुद्दे योग्य आहेत. माझे दोनच मुद्दे आहेत.

पहिला म्हणजे ठाण्यातल्या शोरूमकडूनही कोटेशन घ्या. पूर्वी मुंबईच्या हद्दीत जकात असल्यामुळे नाक्याच्या अलीकडे-पलीकडे किमती वेगळ्या असत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर जकात गेली आणि तो अडथळा राहिला नाही. ठाण्यात खरेदी करून मुंबईच्या पत्त्यावर वडाळ्याच्या आरटीओत (एमएच-03) नोंदणी करण्यास हरकत नसते. मुलुंडहून ठाणे हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे आपले म्हणणे पोकळ धमकी ठरत नाही, हे सेल्समनलाही ठाऊक असते.

दुसरा मुद्दा गाडीच्या वयाचा. सप्टेंबर 2025 ची गाडी जानेवारीत घेतल्यास ती कागदोपत्री गेल्या वर्षाची ठरते आणि पुढे विकताना खरेदीदार त्याचे पैसे कापतोच. हे नुकसान आज विक्रेत्याने सोसले पाहिजे, आपण नव्हे. चॅसिस क्रमांकातले दहावे अक्षर वर्ष सांगते: 2025 साठी एस, 2026 साठी टी. उत्पादनाचा महिना फॉर्म 22 मध्येही (गाडीच्या निर्मात्याने दिलेल्या प्रमाणपत्रात) पाहता येतो. माझ्या भावाने हे न पाहता गाडी घेतली आणि चौदा महिने आवारात उन्हापावसात उभी राहिलेली गाडी त्याच्या गळ्यात पडली, त्यामुळे मी हे प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

पार्ल्याचा प्रवासी

लीजबद्दल लिहितो, कारण मी स्वतः तीन वर्षे लीजची गाडी वापरली आहे. 19,900 रुपयांप्रमाणे 48 महिन्यांचे 9,55,200 होतात आणि शेवटी गाडी आपली नसते. उलट बाजूने पाहा. रास्त बोलणी करून गाडी समजा 8,70,000 ला पडली आणि कर्जाचे व्याज दीड लाखाच्या आत राहिले, तर खर्च सव्वादहा लाखांपर्यंत जातो. चार वर्षांनी गाडी चार लाखांना विकली गेली असे धरले आणि पुढील विमा व सर्व्हिसिंगसाठी दीड लाख मोजले, तरी निव्वळ खर्च पावणेआठ लाखांच्या आसपास राहतो. हे आकडे अंदाजाचे आहेत, आपण आपले आकडे घालून पाहावे.

तरीही लीज घ्यायचीच असेल तर भाडे सोडून चार गोष्टींवर बोलणी करा: वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, मर्यादेपुढे किलोमीटरमागे काय आकारणी होते, मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास किती महिन्यांचे भाडे भरावे लागते, आणि परत देताना ओरखड्यांचे मूल्यमापन कोण करते. मी यातला शेवटचा प्रश्न विचारला नव्हता आणि अनामत रकमेतला मोठा भाग बंपरच्या दुरुस्तीपोटी गमावला. गाडी कोणाच्या नावावर नोंदवली जाणार, तेही विचारा, कारण कंपनीच्या नावावरील मोटारीला महाराष्ट्रात 20 टक्के कर लागतो आणि तो शेवटी भाड्यातूनच वसूल होतो. सासूबाईंसाठी गाडी दीर्घकाळ लागणार असल्याने मी आपल्या जागी विकतच घेतली असती.

मुलुंडकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लीजचा विचार आम्ही सोडला. शनिवारी ठाण्याहून दुसरे कोटेशन आणले आणि रविवारी पहिल्याच शोरूममध्ये कागद-पेन घेऊन बसलो. सेल्समनने आपल्याला अधिकार नसल्याचे सांगितल्यावर मी त्याच्याशी वाद न घालता व्यवस्थापकांना भेटण्याची विनंती केली, कारण त्या मुलावर महिन्याच्या उद्दिष्टाचा किती ताण आहे, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

हँडलिंग चार्जेस आणि ॲक्सेसरीजचा संच दोन्ही रद्द झाले. कर व नोंदणीचा आकडा सुमारे 90,000 वर आला आणि पावतीप्रमाणेच घेण्याचे त्यांनी लिहून दिले. विमा आम्ही बाहेरून, त्याच कलमांसह, 34,500 रुपयांत घेत आहोत. गेल्या वर्षाची गाडी म्हणून सूट 38,000 झाली. वाढीव वॉरंटी सध्या घेतलेली नाही. फास्टॅगसह एकूण 8,67,100 रुपये होतात. कर्ज बँकेचेच घेणार आहोत, कारण शोरूमचा 7 टक्के दर विचारल्यावर फ्लॅटच निघाला.

एक शंका उरली आहे. बुकिंगची रक्कम आज मागत आहेत. ती द्यावी का?

दादरचा हिशेबनीस

द्यावी, पण चेकने किंवा ऑनलाइन, विक्रेत्याच्या कंपनीच्या खात्यातच, आणि पावतीवर चॅसिस क्रमांक, आपण वर लिहिलेली प्रत्येक ओळ व बुकिंग रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लिहून घेऊनच. चॅसिस क्रमांक नसलेली पावती म्हणजे तुम्ही पाहिलेली गाडी तुमच्यासाठी राखून ठेवल्याचा काहीच पुरावा नाही. नोंदणी होण्यापूर्वी दिवसाउजेडी आवारात जाऊन तोच क्रमांक गाडीवर ताडून पाहा, आणि टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. त्यातले पहिले दोन टायर तयार झाल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.