असर्ट, मेन्टेन आणि अलेज
इंग्रजीतल्या असर्ट, क्लेम, डिक्लेअर अशा सगळ्या क्रियापदांना 'ठामपणे सांगणे' असा एकच अर्थ दिला, तर तो चुकीचा नाही पण त्यात मजा निघून जाते. क्लेममध्ये ऐकणाऱ्याला शंका आहे हे गृहीत असतं, म्हणजे बातमीत 'ही क्लेम्ड' (he claimed) आलं की बातमीदाराने हात झटकले असं समजायचं. अलेज त्याच्याही पुढचं, तिथे बहुतेक वेळा आरोपच असतो, बातम्यांतलं आपलं ते 'कथित' 'अलेज्ड'साठीच वापरतात. मेन्टेन मला सगळ्यात आवडतं, मुळात लॅटिनमधलं 'हातात धरून ठेवणे', त्यामुळे कोणी कितीही खोडून काढलं तरी आपलंच धरून बसणे ही छटा आपोआप येते. आणि असर्टचं मूळ तर भारीच आहे, रोमन कायद्यात एखादा माणूस गुलाम नसून स्वतंत्र आहे असा हक्क सांगायला जे क्रियापद वापरत तेच हे, म्हणून 'असर्ट युअर राइट्स' बरोबर बसतं, तिथे क्लेम टाकलं तर मागणी केल्यासारखं वाटतं. डिक्लेअरला बऱ्याचदा अधिकार लागतो, युद्ध किंवा निकाल कोणीही उठून डिक्लेअर करू शकत नाही. राहिलं जस्टिफाय आणि व्हिंडिकेट, दोन्ही 'बरोबर ठरवणे' या अर्थाचे: पहिल्यात आपण कारणं देतो, दुसऱ्यात बहुतेकदा पुढे घडलेल्या गोष्टीच आपल्याला खरं ठरवतात.