अनुभव धागा : धंद्याच्या मालकाने बदल वेळेवर स्वीकारला, किंवा स्वीकारला नाही, तेव्हा काय झाले?

नदीकाठ :
गेल्या रविवारी गावाकडच्या घराचा माळा आवरताना वडिलांच्या छापखान्यातली खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांची, एक केस सापडली. जोडाक्षरांचे कप्पे अजून जागच्या जागी होते आणि हाताला तीच शिशाची काळी चकाकी लागली.

वडिलांचा छापखाना ट्रेडल यंत्रावर, म्हणजे खिळे जुळवून छापणाऱ्या छोट्या यंत्रावर, चालत असे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल हे आमचे हुकमी काम होते. शेजारच्या तालुक्यात ऑफसेट, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारे यंत्र, आले तेव्हा वडील म्हणत, की खिळ्यांचा कागदावर उमटणारा दाब ऑफसेटला कधी येणार नाही. ते खरेच होते. परंतु पत्रिका छापून घेणाऱ्याला तो दाब नको होता, त्याला गणपती रंगीत हवा होता आणि पत्रिका परवापर्यंत हव्या होत्या. त्या वेळी छापखाना नफ्यात होता आणि बँक कर्ज द्यायला तयार होती. वडिलांचे मन सात वर्षांनी वळले, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे रुळले होते आणि बँकेने तारणाला घर मागितले. कारागिरीवरचे त्यांचे प्रेम मला चूक वाटत नाही, पण गल्ला भरलेला असतानाच त्यांनी बदल करायला हवा होता, असे मला आज मनापासून वाटते. मालक, मालकाची मुले किंवा कामगार म्हणून आपण जे पाहिले, ते कृपया लिहावे.

उजेड_सावली :
आमचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे हे वाचताना गलबलून आले. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला होता, आणि त्याच कंपनीवर जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. फुजीफिल्मचाही रोल तसाच आटला. परंतु फिल्म बनवताना कमावलेले रसायनांचे ज्ञान त्यांनी सौंदर्यप्रसाधने, औषधे आणि पडद्यांसाठी लागणाऱ्या फिल्मकडे वळवले. आपण नेमके काय विकतो, हा प्रश्न फुजीच्या धुरिणांनी वेळेवर विचारला. आमच्या दादांनी तो विचारला नाही. ते स्वतःला रोल धुणारे समजत राहिले, खरे तर लोक त्यांच्याकडे चेहऱ्यावर प्रकाश कसा पाडायचा हे जाणणारा माणूस म्हणून येत होते.

धोटा :
इचलकरंजीहून लिहीत आहे, पाळी बदलायला अर्धा तास आहे, म्हणून सविस्तर लिहितो. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग बसवला, म्हणजे हे गावच एका बदलावर उभे आहे. तरीही साध्या मागांचे खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचे कापड मजुरीवर विणून देणारे आम्ही, मिळणाऱ्या मजुरीवर समाधानी राहिलो. १९९९ मध्ये वस्त्रोद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची योजना आली, तेव्हा आमच्या काकांनी बारांपैकी चार माग विकून दोन जुने रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे माग, घेतले. सगळे एकदम मोडीत काढले नाहीत, हे त्यांचे शहाणपण. पहिले सहा महिने ते स्वतः जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, शेजारी रात्रपाळीला उभे राहिले. मालकाला बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) जोडण्यापासून सगळे समजते, हे पाहिल्यावर कामगारांची भीती कमी झाली. साध्या मागात बाणा, म्हणजे आडवा धागा, कांडीवर गुंडाळून धोट्यात घालतात आणि धोटा तो इकडून तिकडे नेतो. रॅपिअरला धोटा लागत नाही, बाणा थेट सुताच्या कोनावरून जातो, त्यामुळे कांडी भरण्याचे काम संपते. आमच्याकडे वीस वर्षे कांड्या भरणाऱ्या मावशी होत्या. काकांनी यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी त्यांना घरी बोलावून सांगितले, की तुम्हाला कापड तपासणीच्या टेबलावर बसायचे आहे. पुढे तुटलेला धागा त्यांच्याइतका झटकन कोणाला दिसला नाही.

लेथवरचा :
धोटा, काकांना माझा नमस्कार सांगा. मी पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक भागात आहे आणि मला दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. आमच्या नात्यातल्या एका कारखानदाराने शेजाऱ्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे यंत्र, आले म्हणून आपणही घेतले. कोणता भाग, महिन्याला किती आणि कोणासाठी करायचा, याचा हिशेब कागदावर नव्हता, आणि हप्ते फेडता फेडता जुने लेथही विकावे लागले. यंत्र विकत घेणे म्हणजे बदल स्वीकारणे नव्हे. आज माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. मी सायलेन्सरसाठी ब्रॅकेट करतो आणि विजेच्या दुचाकीला सायलेन्सरच नसतो. काम अजून भरपूर आहे, आणि म्हणूनच मी यंदा दुचाकीच्या विजेच्या मोटरीच्या आवरणाचे नमुने पाठवायला सुरुवात केली आहे.

आक्का_मिरज :
आमच्या भागातले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत होते, तिथून ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकऱ्यांना वाटत असे, त्यामुळे सुरुवातीला नांगर घ्यायला कोणी धजत नव्हते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. गिऱ्हाईक तयार नसताना धीर धरणे, हेही मालकाचेच काम असते.

जुळारी_कन्या :
नदीकाठ, माझे वडील अशाच एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. अक्षरजुळणी संगणकावर गेली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. मालकांनी बदल अगदी वेळेवर केला, तुम्ही म्हणता तसा, गल्ला भरलेला असताना. फक्त त्यांनी कंपोझिटरांना विचारले नाही. एका सोमवारी वडील गेले, तर केसेस अंगणात उलट्या करून खिळे वजनावर विकायला काढलेले होते. वडिलांना शुद्धलेखन तोंडपाठ होते, उलटे मॅटर ते सुलट्यासारखे वाचत. मुद्रितशोधनाला त्यांच्यासारखा माणूस त्या मालकांना शोधूनही मिळाला नसता. काकांनी मावशींना आधी बोलावून सांगितले, हे वाक्य मी दोनदा वाचले.

नदीकाठ :
ताई, आमच्याकडेही दोन कंपोझिटर होते, आणि वडील सात वर्षे थांबले त्याचे एक कारण ते दोघे होते, हे मी वर लिहायला हवे होते. त्यांचे काय करायचे हे न सुचल्यामुळे वडिलांनी काहीच केले नाही, आणि शेवटी त्या दोघांनाही रिकाम्या हाताने जावे लागले.

बोहारआळी :
आमचे भांड्यांचे दुकान आहे. बाबा खतावणी हातानेच लिहितात आणि संगणकाला हात लावत नाहीत. कोणी काही सुचवू शकेल का?

धोटा :
खतावणी बंद करू नका. दिवाळीच्या वहीपूजनापासून दोन्ही ठेवा, आणि रोज संध्याकाळी संगणकातली बेरीज त्यांच्या बेरजेशी त्यांनाच ताडून पाहू द्या. आमच्या दिवाणजींना चार महिने लागले. भोंगा झाला, निघतो.